क्लॅरिनेटची जागा

दिग्रसला माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात लग्नात वाजवणारे एक कीबोर्डवाले कीबोर्ड खांद्याला लटकवून यायचे. मिडीची वायर कॉम्प्युटरला जोडली, की वरातीच्या गाण्यातलं एकेक वाद्य कीबोर्डवरच वाजवून वेगवेगळ्या ट्रॅकवर भरायचे. आधी ढोलक, मग बास, मग बासरी. बोट चुकलं की कॉम्प्युटरलाच दटावायचे, "तू नोको हासू बे!"

एक ट्रॅक मात्र कायम रिकामा. तो त्यांच्या पार्टीतल्या क्लॅरिनेटवाल्या चाचांचा. बाकीचे ट्रॅक मांडवात स्पीकरवर लागायचे, चाचा मात्र स्वतः वाजवायचे.

"तेवढंही भरून टाका ना," मी म्हणायचो.

"थे जागा चाचाची हाय, भाऊ. मी कायले बसू तिथं?"

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, लोक लग्नांत हात आखडता घेत होते. एकदा ते चहाला गेले आणि मी हौसेनं त्यांच्या कीबोर्डवर क्लॅरिनेटचा आवाज लावून तो ट्रॅक स्वतःच वाजवून भरला. तेवढ्यात, ज्या लग्नासाठी हे गाणं चाललं होतं, त्या पोरीचा बाप आला. ऐकून खूश झाला. कीबोर्डवाले परतताच त्यांना म्हणाला, "मंग त्या क्लॅरिनेटवाल्या बुढ्याले कायले आणता? तुमी एकटेच या."

ते माझ्याकडे बघून एवढंच बोलले, "चांगलं वाजवलं, भाऊ." पुसून टाकतो, असं माझ्या तोंडून निघालं नाही. मला कौतुक गोड लागलं होतं.

त्या लग्नाला मी गेलो. मांडवात ते एकटेच होते. स्पीकरमधून माझं क्लॅरिनेट सुरू झालं, तसे त्यांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले, आणि ते संपेपर्यंत मान खाली घालून बसून राहिले.