लेम्पीची कोठी आणि पांढरी पूड

कॉलेजातल्या रसायनांच्या कोठीत लेम्पी सारेलाचा एकच कायदा होता. बाटलीतून जे बाहेर आलं ते पुन्हा बाटलीत जायचं नाही. चिमूटभर जास्त निघालं तर टाकून द्यायचं. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती, लेम्पी स्वतःच दारात उभी असायची.

मी त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. ताटात काही टाकलं की कानशिलात बसणार, अशा घरात वाढलेला मी. चांगली पांढरीशुभ्र पूड कचऱ्यात जाताना बघून माझा जीव वरखाली व्हायचा. एकदा मी तिच्याशी हुज्जत घातली, तेव्हा ती म्हणाली, "कपात ओतलेली कॉफी उरली तर परत किटलीत ओततोस का रे, हार्लन?" मी नाही म्हणालो. खरं सांगायचं तर घरी मी ओतायचो.

मिनेसोटाच्या उत्तरेला, लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यात आमचं गाव. लेम्पीचा बाप फिनलंडहून आला आणि खाणीत उतरला. ती एकोणीस वर्षांची असताना कॉलेजात काचेची भांडी धुवायला लागली, ती त्रेचाळीस वर्षं तिथेच राहिली. शाळेपुढे शिकली नाही, पण बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून वाचून तिला जेवढं कळत होतं तेवढं माझ्या निम्म्या सहकाऱ्यांना कळत नव्हतं. साखरेचा खडा दातांत धरून त्यातून काळी कॉफी ओढायची, आणि तोंडात खडा असतानाच टोमणे मारायची. कोठीतून काय गेलं, कोणी नेलं, बाटलीला काय झालं, सगळं तिच्या वहीत उतरायचं. त्या वहीत ती कधी ओळ मोकळी सोडत नसे. मोकळ्या ओळीत मागाहून कोणीही काहीही घुसडतं, असं तिचं म्हणणं.

त्र्याऐंशी साली खाण बंद पडली आणि डेल्बर्ट निस्काला माझ्या वर्गात आला. वय सत्तेचाळीस, बावीस वर्षं खाणीत काढलेली, हात असे की परीक्षानळी त्यात काडीसारखी दिसायची. गावच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत एक जागा निघाली होती. माझ्या विषयात पास झाल्याचं पत्र शुक्रवारपर्यंत तिथे पोचलं तर ती जागा त्याची. नाहीतर बायकामुलांना घेऊन कामासाठी दक्षिणेत टेक्सासला जायचं, असं घरात ठरलं होतं. त्याची आई नर्सिंग होममध्ये होती, आणि तिला टेक्सासबद्दल अजून कोणी सांगितलं नव्हतं.

अणू त्याला माझ्या फळ्यावरून कधीच कळला नाही. मी वर्तुळं काढायचो, तो वहीत वर्तुळं काढायचा. शेवटी तो कोठीत जाऊन लेम्पीला विचारू लागला. ती त्याच्या आईची मैत्रीण, त्याला लाजायचं कारण नव्हतं. मी एकदा दाराबाहेर उभं राहून ऐकलं.

"मधे एक घट्ट गाठ असते," लेम्पी सांगत होती. "त्या गाठीत सव्वीस प्रोटॉन असले की ते लोखंड. पंचवीस असले तर मँगनीज. बाहेर इलेक्ट्रॉनांची पळापळ चालते, त्यांतले दोन-तीन निघून गेले की आपण म्हणतो गंज चढला. पण गाठीत सव्वीस आहेत तोवर ते लोखंडच. तू खणलेलं असो नाहीतर तुझ्या रक्तातलं असो."

 डेल्बर्ट म्हणाला, "बावीस वर्षं खणलं, पण हे सव्वीस कोणी सांगितलं नाही. मग अशुद्ध काय असतं, लेम्पीमावशी?"

"अणू कधी मळत नाही रे. भलत्याचे अणू मधेमधे घुसतात, त्याला आपण अशुद्ध म्हणतो. आणि घुसवतं कोण? माणूसच."

मी चडफडत वर्गावर गेलो. माझे तीन तास तिने एका कपात आटोपले होते.

शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, मी वर्गाला एक गंमत दाखवली. सिनॅमिक ॲसिड आणि युरिया, दोन्ही पांढऱ्या पुडी, दोन्ही एकशे तेहेतीस अंशांना वितळतात. पण दोन्ही एकत्र केल्या की मिश्रण त्याच्या कितीतरी आधी वितळतं. शुद्ध पदार्थ ठरलेल्या अंशाला एकदम पाणी होतो. भेसळ असली की आधीच ढेपाळायला लागतो आणि रेंगाळत वितळतो. वर्ग खूश झाला, मीही झालो. मंगळवारी परीक्षा होती. प्रत्येकाला नाव न सांगता पांढरी पूड द्यायची, ती केसाएवढ्या काचेच्या नळीत भरून तापवायची, आणि काय आहे ते ओळखायचं. पूड होती सिनॅमिक ॲसिड.

एकोणीस जणांपैकी अठरांनी लिहिलं: एकशे तेहेतीस. एकट्या डेल्बर्टने लिहिलं, "एकशे एकवीसला ढेपाळायला लागलं, एकशे अठ्ठावीसला पूर्ण वितळलं. सिनॅमिक ॲसिड असावं, पण शुद्ध नाही." मी त्यावर लाल रेघ ओढली. आधीच काठावर असलेला माणूस, त्या एका रेघेने तो नापास झाला.

बुधवारी तो माझ्या खोलीत आला. मी त्याला बरणीवरची चिठ्ठी दाखवली: शुद्धता नव्व्याण्णव टक्क्यांवर. हात जड पडला असेल, घाईने तापवलं असेल, असं मी समजुतीच्या सुरात सांगितलं. त्याने वाद घातला नाही.

"सर, तीनदा केलं मी. पुस्तकात एकशे तेहेतीस आहे ते मलाही माहीत होतं. पण दिसलं ते लिहिलं."

एवढं बोलून तो प्रयोगशाळेचा एप्रन परत करायला कोठीत गेला, आणि काय झालं ते लेम्पीने त्याच्याकडून काढून घेतलं.

गुरुवारी दुपारी लेम्पीने मला कॉफीला बोलावलं. टेबलावर ती बरणी होती, शेजारी दोन बशा आणि एक कागद. तिने बरणीतली पूड तापवून पाहिली होती. डेल्बर्टचे आकडे बरोबर होते. मग तिने थोडी पूड थंड पाण्याने धुतली. सिनॅमिक ॲसिड थंड पाण्यात जवळपास विरघळत नाही. धुऊन वाळवलेली पूड बरोबर एकशे तेहेतीसला वितळली. धुतलेलं पाणी तिने आटवलं होतं, आणि दुसऱ्या बशीत पांढरे सुईसारखे खडे उरले होते.

"युरिया," ती म्हणाली.

 सोमवारी वर्ग संपल्यावर टेबलावर सिनॅमिक ॲसिडचा एक छोटा ढीग उरला होता. टाकवेना. लेम्पी जेवायला गेली होती. मी तो ढीग हळूच बरणीत परत ओतला. तेव्हा मला वाटलं होतं तो शुद्धचाच ढीग आहे. पण टेबलावर ढीग तीन होते आणि तिन्ही पांढरे. जो मी ओतला तो मिश्रणाचा होता. भेसळ म्हणजे काय ते शिकवता शिकवता मी भेसळ केली होती.

लेम्पीने तो कागद माझ्यापुढे सरकवला. डीनना तिने लिहिलेलं पत्र होतं: कोठी माझी, बरणी माझ्या ताब्यात होती, चूक माझी. डेल्बर्ट निस्कालाचं उत्तर बरोबर आहे, त्याला आजच पास करावं. खाली सही. जूनमध्ये ती निवृत्त होणार होती.

"आज गेलं तर उद्या तिकडे पोचेल," ती म्हणाली आणि साखरेचा खडा दातांत धरला.

मी अख्खा कप संपेपर्यंत गप्प बसलो. याची मला आजही शरम वाटते. नोकरी जाण्याची भीती नव्हती. फक्त लाज होती. डीन हसतील, पोरं हसतील. तिचं काय जाणार होतं, महिन्याभराने तर घरीच बसणार, असंही मनात येऊन गेलं. मग मी तिच्या हातांकडे पाहिलं. त्रेचाळीस वर्षं त्या हातांनी एक दाणा परत बाटलीत टाकला नव्हता, आणि त्याच हातांनी तिने लिहिलं होतं, चूक माझी.

"लेम्पी, मी ओतलं परत," मी म्हणालो. "सोमवारी. तू जेवायला गेली होतीस."

 तिने पत्र चारदा फाडलं, कचऱ्यात टाकलं आणि कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. मी लिहीपर्यंत तिने मला दुसरा कप ओतून दिला. मग म्हणाली, "आता स्वतः जाऊन सांग डेल्बर्टला. टपालाने नको."

मी पत्रावर डीनची सही घेतली, एक प्रत पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दिली आणि डेल्बर्टच्या घरी गेलो. व्हरांड्यात खोकी बांधायला काढलेली होती. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. तो पत्र घेऊन खोक्यावर बसला आणि त्याने दोनदा वाचलं. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. त्याने पत्र तिच्या हातात दिलं. मग मला म्हणाला, "सर, त्या बाकीच्या अठरा जणांना एकशे तेहेतीस कुठे दिसलं म्हणायचं?"

त्या अठरांची परीक्षा मी पुन्हा घेतली. डेल्बर्टने पुढे सतरा वर्षं गावचं पाणी तपासलं. त्याची आई गेली तेव्हा तो तिच्या उशाशी होता.

जूनमध्ये लेम्पीने कोठीच्या किल्ल्या आणि सगळ्या वह्या माझ्या हवाली केल्या. ती घरी गेल्यावर मी तो बुधवार उघडला. लिहिलं होतं: "सिनॅमिक ॲसिडच्या बरणीत युरिया. या सत्रात युरिया नेला फक्त हार्लनने." म्हणजे मला कॉफीला बोलावण्याच्या आदल्या दिवशीच तिला सगळं ठाऊक होतं. खाली त्याच बुधवारची, संध्याकाळची दुसरी नोंद होती, काचेची भांडी परत आल्याची.

त्या दोन नोंदींच्या मधे एक ओळ होती. शाई निराळी, तारीख गुरुवारची. बुधवारी तिने ती मोकळी सोडली होती. त्रेचाळीस वर्षांच्या त्या वह्यांत तेवढी एकच, माझ्यासाठी. तिथे लिहिलं होतं: "स्वतः सांगितलं."