गादीच्या खोळीचा सदरा

माझ्या नवऱ्याला पोलिसांनी पकडलं, त्याला संपूर्णपणे मी जबाबदार होते.

लढाईचे दिवस. कापडावर कंट्रोल, नंदुरबारच्या पेठेत पैसे देऊनही वारभर मांजरपाट मिळेना. अशात यांना तिथल्या एका कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी बोलावणं आलं, आणि आदल्याच दिवशी कळलं, की ट्रंकेतला एकुलता एक चांगला सदरा-पायजमा उंदरांनी कुरतडलाय!

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तुले शिवता येस ना व?"

(मला बघायला आले तेव्हा वडिलांनी तसं ठोकून दिलं होतं. मला येत होतं फक्त बटण लावता.)

"येस," मी म्हटलं. लग्न होऊन तीनच महिने झालेले, दुसरं काय म्हणणार?

घरात धड कापड एकच. माझ्या आंदणातल्या गादीची खोळ. जाड, निळे-पांढरे पट्टे. मी कापूस उपसला, खोळ धुतली, वाळवली, कुरतडलेले कपडे वर ठेवून कात्री चालवली. पायजमा कसाबसा जमला. सदऱ्याच्या मात्र दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या!

सकाळी यांनी सदरा घातला आणि गळ्याशी बोटं खुपसत डोळे पांढरे केले. "हाऊ गयामा अडकी ऱ्हायना!"

"घालता घालता सैल व्हई," मी धीर दिला.

बैलगाडीतून निघालो. मीही बरोबर, माझं माहेर नंदुरबारचंच. वाटेत कुशीची शिवण उसवली. सुई-दोरा होताच. हलत्या गाडीत, सदरा अंगावरच ठेवून, मी घट्ट टाके घातले. अकराला हजर व्हायचं होतं. नाक्यावर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

तिथे एक हवालदार उभा होता. त्यानं यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पट्ट्यांचा पायजमा. पट्ट्यांचा सदरा. मग काठी आडवी धरली.

"उतर खाले! कोणता जेलमाईन पळी उना?"

यांच्या तोंडून शब्द फुटेना. (गळाही आवळलेला होता.)

मी पदर सावरत पुढे झाले. "दादा, त्या मन्हा मालक शेतस. नोकरीकरता कचेरीमा जाई ऱ्हायनात. हाई गादीनं कापड शे!"

"गादी? मंग नोकरीना कागद दखाड!"

यांनी खिशात हात घातला. हात जाईना. पुन्हा घातला. जाईना! कुशीबरोबर मी खिशाचं तोंडही शिवून टाकलं होतं, आणि कागद आत! हवालदाराचा संशय बळावला. भोवती माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "खून करीसनी पळना व्हई." नोकरी तर जातेच, आता नवराही जातो!

"चाल चौकीवर!" हवालदारानं यांचा दंड धरून ओढलं.

टर्र!

अख्खी बाही त्याच्या हातात आली.

हवालदारानं बाही उलटी केली, सुलटी केली. माझे टाके उन्हात धरून बघितले. काही बोटभर लांब, काही एकमेकांवर चढलेले. मग त्यानं यांच्या अंगावरची दुसरी बाही पाहिली. तीही डावीच.

"हाई कोनी शिवं?"

"मी," मी रडत म्हटलं.

त्याच्या मिशा थरथरल्या. हसू दाबता दाबता त्याला खोकला आला.

"जाय भाऊ, जाय. तू कैदी नही. जेलमा यानापेक्षा चांगलं शिवतस!"

खिसा फाडून कागद काढला, बाही बाभळीच्या काट्यांनी टोचून बसवली, आणि हे धावत कचेरीत पोचले. नोकरी मिळाली, साहेबांना म्हणे इतका गरजू माणूस आजवर भेटला नव्हता.

माहेरी वडिलांनी काट्यांनी टोचलेल्या बाहीकडे बघत विचारलं, "जावईबापूना सदरा कोनी शिवा?"

मी पटकन म्हटलं, "सासूबाईंनी!"