हॅनोव्हरमधली भातलावणी

कार्ल्सरूहेहून हॅनोव्हरला जायचं ठरलं ते माझ्या हट्टामुळे. माझे सासरे, आबा, तीन महिने आमच्याकडे होते आणि परवा कणकवलीला परतणार होते. एवढ्या दिवसांत त्यांची नात, माझी आठ वर्षांची रेवा, त्यांच्याशी मराठीत एक धड वाक्य बोलली नव्हती. तिला कळतं सगळं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. आबा न समजताच हसून मान डोलवत. मला ते फार लागायचं. हॅनोव्हरच्या एका संग्रहालयात जपानी खेड्यांची जुनी चित्रं लागली होती. म्हटलं, शेती बघून तरी या दोघांचं जमतंय का पाहू.

फ्रँकफुर्टला गाडी बदलताना ऐन वेळी ग्लाइस (फलाट) बदललं. आबांना जिन्यावरून अक्षरशः पळवलं. गाडी मिळाली, पण थालीपिठांचा डबा बाकावरच राहिला. मग ब्रेत्सेल (पीळ घातलेला खारा पाव) घेतला.

"दातांची परीक्षा घेतत मेले," आबा म्हणाले, आणि सगळा संपवला.

चित्रं लाकडी ठशांनी छापलेली. जवळजवळ प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. मला वाटलं होतं राजे, तलवारी असतील. इथे नदीवर धुणं चाललेलं, घोड्यावर गवत लादलेलं, दारात बसून कुणी पाय धुतोय. एका चित्रात माणसांच्या पाठीवर गवताचं आच्छादन होतं. आबा थबकले. "आमचा इरलाच की (पावसात पाठीवर घ्यायचं ते)!"

पुढचं चित्र भातलावणीचं. ओणवलेल्या बायका, त्यांच्यासमोर लावलेल्या ओळी, पाठीमागे मोकळा चिखल. रेवानं बोट दाखवून मला जर्मनमध्ये विचारलं, या उलट्या का चालल्यात? मी भाषांतर करणार तोच आबांना तिच्या बोटावरूनच प्रश्न कळला. त्यांनी खाली बसून बूट काढले, मोजे काढले.

"अहो आबा, इथे नको!"

"बूट घालून कोण शेतात उतरता?"

आणि ते ओणवे झाले. डाव्या हातात नसलेली जुडी, उजव्या हातानं जमिनीत रोप खोचायचं, एक पाऊल मागे. "मागेच जावचा लागता. पुढे गेला तर लावलेलो तरवो (रोपं) पायाखाली येतलो." लोक बघायला लागले. पहारेकरी बाई आमच्याकडे निघाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मी त्या बाईंना थोपवायला धावले. आबा आपल्या नादात, एकेक पाऊल मागे. मागे काचेची पेटी, आत ठसे.

"आबा, मागे काच आहे. माझ्याकडे या."

रेवा मराठीत बोलली होती. नुसती बोलली नाही, तिनं त्यांचा हात धरून त्यांना ओढलं.

पहारेकरी बाईंनी बूट घालायला सांगितलं, तेवढ्यावर निभावलं. उरलेली चित्रं दोघांनी हात न सोडता पाहिली. रेवा जर्मनमध्ये, आबा मालवणीत, काय बोलत होते देव जाणे. मी मागून आबांच्या बूट-मोज्यांकडे लक्ष ठेवून चालले.

परतीच्या गाडीत रेवा शेजारच्या बाईंना भातलावणी समजावून सांगत होती, अर्थात जर्मनमध्ये. मला राहवलं नाही. "आबा, एवढ्या महिन्यांत एकच वाक्य बोलली हो ती. मला वाईट वाटतं."

आबा खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "मी पडान म्हणान भियाली नी मराठीत बोलली गो."

मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. रडू येत होतं.