गाडीला पाय लावायचा नाही

आमच्या घरात अनुभव येतात ते आईला. मला येतात त्या शिंका. देवघरातला दिवा वाऱ्यातही विझला नाही की तिला अनुभव येतो आणि त्याच वाऱ्याने मला सर्दी होते. पन्नाशी उलटेपर्यंत मी देवळात गेलो तो बहुतेक वेळा बाहेर उभा राहून सगळ्यांच्या चपला सांभाळायला. त्यामुळे ही हकीकत लिहायला बसताना मला थोडं अवघडल्यासारखं होतंय. माझी कशावर श्रद्धाच नव्हती, असं मात्र म्हणता येणार नाही. होती, चांगली घट्ट होती. फक्त ती वाशीच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ताडपत्रीखाली उभी असायची.

ती बाबांची गाडी. पांढरी, गोल डोळ्यांची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली. नावड्याकडची आमची भातशेती नव्या शहरासाठी सरकारने घेतली, तेव्हा मिळालेल्या पैशातून बाबांनी ही गाडी घेतली आणि शेतीवरचं सगळं प्रेम तिच्यावर नेऊन घातलं. तिचे नियम होते. चपला काढूनच आत बसायचं. टायरला लाथ मारून हवा बघायची नाही. आणि बाहेरून गाडीला पाय म्हणून लावायचा नाही. लहानपणी एकदा बूट बांधायला मी बंपरवर पाय ठेवला, तर बाबा ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "ती आपली जमीन हाय. जमिनीला लाथ मारशील?" त्यानंतर चुकून धक्का लागला तरी मी हात लावून कपाळाला लावायचो. बाबा गेले, पण नियम राहिले. मीही ती गाडी अनवाणीच चालवायचो, चपला डिकीत ठेवून. सोसायटीतले लोक बघायचे. बघू देत.

आई गाडीला गारी म्हणते. आमच्या आगरी घरात सगळेच एके काळी तसं म्हणत; आता ती एकटीच उरली आहे. मागच्या पावसाळ्यात तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. आत नेताना तिने माझा हात धरला आणि नवस सांगितला: चालायला लागले की नावड्याच्या गावदेवीची पायरी माझ्या पायाने चढेन आणि तिची ओटी भरेन. जाईन ती यांच्याच गारीतून. मी हो म्हटलं. ऑपरेशनच्या दारात कोण नाही म्हणतं? पण मनात म्हटलं, गुडघे बरे झाले तर श्रेय डॉक्टरांचं, आणि गाडी नावड्यापर्यंत पोचली तर श्रेय माझं. देवीच्या वाट्याला आयता नारळ.

मार्गशीर्षात ती काठी टाकून चालायला लागली आणि मी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने बोनट उघडून डोकं आत घातलं आणि म्हणाला, पेट्रोलचा पाइप बदलून घ्या, रबर वाळलंय. तो पाइप बाबांनी स्वतः बसवला होता. क्लिप मिळाली नाही म्हणून त्यांनी तो तारेने आवळला होता, आणि त्या तारेला त्यांच्या हातचा पीळ होता. मी म्हटलं, बाकी काय हवं ते कर, तेवढं राहू दे. मागच्या डाव्या दाराचं लॉकही अडकत होतं, ते बाहेरून दोन्ही हातांनी हिसका दिल्याशिवाय उघडायचं नाही. तेही राहू दे म्हटलं. बाबांच्या वेळेपासून ते तसंच होतं ना.

निघायच्या दिवशी बायकोने गाडीकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघितलं. "तुम्ही दोघं व्हा पुढे. मी बसने येते. घरातलं कोणीतरी शाबूत पोचायला हवं." ही तिची थट्टा होती. त्या दुपारनंतर बरेच दिवस तिला ती आठवून रडू यायचं.

आई नेहमीसारखी मागे डावीकडे बसली. ओटीची परडी मांडीवर: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. मी म्हटलं, परडी सीटवर ठेव. म्हणाली, "देवीचं हाय. कुठं ठेवू, पायाशी?" हायवेला गाडी अशी काही छान पळाली की मी शीळ घालायला लागलो. खारघर गेलं, कळंबोली गेली. तळोज्याच्या कंपन्यांचा तो ओळखीचा उग्र वास आला, आणि त्या वासात आणखी एक वास मिसळलाय हे माझ्या नाकाने मला सांगितलं नाही. मी सांगितलंच ना, माझं नाक सर्दीचं.

नावड्याच्या आतल्या रस्त्याला वळलो आणि समोर सगळं अडलेलं. कुणाची तरी हळद होती. रस्त्यावरच मांडव, बेंजोचा दणदणाट, आणि नखशिखांत पिवळ्या झालेल्या बायका नाचत होत्या. एकमेकींना हळद फासून अशा झाल्या होत्या की मामी कोण आणि करवली कोण, हे त्यांच्या नवऱ्यांनाही ओळखता आलं नसतं. मी हॉर्न वाजवला. कोणी ढुंकून बघितलं नाही. मी वैतागून म्हटलं, "रस्ता काय यांच्या बापाचा आहे?"

मागून आई म्हणाली, "हाच रस्ता आपला खालचा शेत व्हता. नाचू दे त्यांना."

गाडी जागेवरच गुरगुरत होती. पाचेक मिनिटं गेली असतील. मग बोनटच्या कडेने धूर आला. मला वाटलं इंजिन तापलं, पाणी घालावं लागेल. चावी फिरवून गाडी बंद केली, तोवर धुराच्या खालून एक नारिंगी जीभ वर आली आणि काचेसमोर उभी राहिली. काही आवाज झाला नाही. बाबांच्या गाडीला आग लागली आणि बेंजो वाजतच होता.

मी बाहेर उडी मारली. अनवाणी. खडीवरून धावत पलीकडे गेलो आणि आईच्या दाराला दोन्ही हातांनी हिसका दिला. उघडलं नाही. परत दिला. आत पायापाशी धूर भरत होता. आईने पदर तोंडाला लावला होता आणि दुसऱ्या हाताने परडी छातीशी धरली होती. "आई, तिकडे सरक, पलीकडच्या दाराने ये," मी ओरडलो. ती सरकायचा प्रयत्न करत होती, पण नवे गुडघे त्या सीटवर वळत नव्हते. मी परत हिसका दिला. माझे हात घामाने निसटले आणि मी मागे पडलो.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण मला ती नंतर कळली. असं दार उघडायचं तर पाय गाडीला टेकवून अंगाचा सगळा भार मागे टाकावा लागतो. कोणालाही हे सुचलं असतं. मला सुचलं नाही. आत माझी आई होती, पुढे आग होती, आणि माझा पाय गाडीला लागत नव्हता. मी ते ठरवून टाळलं असंही नाही. तो उपाय माझ्या डोक्यात नव्हताच.

पिवळा हात माझ्या खांद्यावर पडला आणि मी बाजूला ढकलला गेलो. "सर रं भावा." एक बाई. हळदीने माखलेली, साडी खोचलेली, अनवाणी. तिने दाराच्या मुठीला दोन्ही हात घातले, हिसका दिला, नाही उघडलं. मग काहीही विचार न करता उजवा पाय उचलून दारामागच्या पत्र्यावर टेकवला आणि मागे झोकून दिलं. दार उघडलं. "आजे, मान धर माजी," म्हणाली, आणि माझ्या आईला, परडीसकट, लहान पोराला उचलावं तशी उचलून मांडवाकडे चालू लागली. दोन पावलं गेली असेल. परत वळली. आई कडेवर तशीच. गाडीच्या टपाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. पाय लागला होता ना. पुढून गाडी जळत होती आणि ती बाई गाडीची माफी मागत होती.

मी तिचं तोंड नीट बघितलं नाही. तेवढ्यात बेंजो थांबला आणि सगळी हळद आमच्या गाडीवर धावून आली. शेजारी कुणाचं तरी बांधकाम चालू होतं, वाळूचा ढीग होता, घमेली होती. बायका, पुरुष, सगळे वाळू ओतायला लागले. सगळ्यात पुढे एक पिवळाजर्द तरणा माणूस घमेलं घेऊन. मागून कुणीतरी म्हातारा कळवळून ओरडत होता, "अरे नवऱ्याला मागं घ्या, त्याला हलद लागलीय, त्याला मांडवाबाहेर नाय जायाचं." नवरा म्हणाला, "मामा, वालू टाक आदी." मामाने धोतर वर खोचलं आणि वाळू टाकली. मीही टाकली. थोड्या वेळात बाबांच्या गाडीवर वाळूचा डोंगर उभा राहिला आणि त्यातून नुसता धूर येत राहिला.

मांडवात गेलो तेव्हा आई खुर्चीवर बसून सरबत पीत होती. तिला खरचटलंही नव्हतं. मी तिच्या पायाशी बसलो. नवऱ्याच्या आईने वाळू टाकताना भाजलेल्या माझ्या तळहातांना हळद लावली. हळदीला तोटा नव्हताच. गाडीचं लोकांना वाईट वाटत होतं. मला मात्र, खरं सांगतो, त्या घटकेला गाडी आठवलीही नाही.

जरा सावरल्यावर मी त्या बाईला शोधायला उठलो. पाया पडायचं होतं. पण मांडवात तीस-चाळीस बायका आणि सगळ्या पिवळ्या. जिला विचारावं ती म्हणे, मी नव्हते, तिकडची असेल. तिकडची म्हणे, मी तर भात बघायला आत होते. नवऱ्याची आई हसून म्हणाली, "बाबा, आज कोन कोन आयलंय, मनाच ठावं नाय." असेल कुणीतरी. हळद होती, पाहुण्यांची गर्दी होती, आगीपुढे कोण कुठे होतं हे कोण सांगणार? मी एवढंच लिहितो की मला ती भेटली नाही. नंतर मिठाई घेऊन त्या घरी दोनदा गेलो, तेव्हाही नाही.

बायको बसने पोचली. मग आम्ही रिक्षा केली, देऊळ जवळच होतं. रिक्षात माझं लक्ष आईच्या मांडीवर गेलं. परडी रिकामी होती. मला वाटलं, पडापडीत सांडलं.

"आई, ओटीचं सामान?"

"भरली ओटी."

"कुणाची?"

"तिचीच. मना खुर्चीवर ठेवली आनी पाट फिरवून चालली. मी बोलले, थांब गो बाय, रिकाम्या पदरानं जाऊ नको. नारल, खन, समदं घातलं पदरात. हसली नि गेली."

मी म्हटलं, "अगं, ती ओटी देवीची होती. नवसाची."

आईने माझ्याकडे बघितलं. शाळेत गणितात नापास होऊन आलो की अशीच बघायची. राग नसायचा त्यात.

"मंग मी कुनाला दिली?" ती म्हणाली.

देवळाची पायरी आई स्वतःच्या पायाने चढली. मी नेहमीसारखा चपला सांभाळायला बाहेर थांबणार होतो, मग लक्षात आलं की माझ्या पायात चपलाच नाहीत. त्या डिकीत, वाळूखाली. थांबायला कारण उरलं नाही, म्हणून आत गेलो. देवीचा तांदळा, तो बिनघडीव दगड, हळदीने पिवळा झालेला होता, तसा तो रोजच असतो. मी डोकं टेकवलं आणि मागायला काही सुचेना. सगळं आधीच मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी उचलायला गेलो. पुढचा भाग काळा पडला होता, मागचं अंग शाबूत होतं. डाव्या दारामागे, पांढऱ्या पत्र्यावर हळदीचं पाऊल उमटलेलं होतं. पाची बोटं, टाच, सगळं. बायको म्हणाली, फोटो काढा. नाही काढला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. आठवडाभरात ते पाऊल फिकट झालं आणि मग दिसेनासं झालं. टिकावं म्हणून मी काही केलं नाही. बाबांचा तारेचा पीळ टिकवायला गेलो होतो, त्याने काय केलं ते बघितलं होतं. आयुष्यभर मी गाडी जपत राहिलो, नियम जपत राहिलो, आणि त्यालाच भक्ती समजत होतो. ती बाई काय जपायचं ते क्षणात ठरवून मोकळी झाली, आणि ज्याला पाय लावला त्याला नमस्कारही करून गेली. मला या दोन्हींतलं एकच येत होतं.

गाडी सावकाश दुरुस्त झाली. पाइप नवा, वायरी नव्या, दाराचं लॉक नवं, एका बोटाने उघडतं. पुढे आग विझवायचा लाल सिलिंडर ठेवलाय. मी आता चपला घालून चालवतो, बाबांची मनोमन क्षमा मागून. आई अजून मागे डावीकडेच बसते. उतरायची वेळ आली की मी फिरून तिच्या दारापाशी जातो. ती आतून काचेतून माझ्याकडे बघत असते, आणि दरवेळी तेच म्हणते.

"उघर. नाय उघरलं तं पाय लाव. तुज्या बापसाला मी सांगेन काय ते."