कुंभारवाड्यातला दुसरा कप

सुतकाच्या घरी बसून मी चहांना गुण दिले, आणि त्यातला एक चहा पुन्हा मागून प्यालो.

हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, कारण पुढे कुठेतरी ते लपवण्याचा मोह मला नक्की झाला असता. प्रवासाचं लिहिणारा माणूस स्वतःला नेहमी शहाण्याच्या जागी बसवतो. ती जागा माझ्या हातून कुंभारवाड्याला गेली.

निवृत्त झाल्यापासून आपली जीभ फार तयार आहे असं मला वाटू लागलंय. कुठल्याही चहाचा घोट घ्यायचा, डोळे मिटायचे, जरा थांबायचं आणि दहापैकी गुण सांगायचे. सांगलीतल्या आमच्या मित्रमंडळात याचं कौतुक होतं. घरात शैला, म्हणजे माझी बायको, याला तोंड सुटणं म्हणते. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात घरोघरी मिरी, दालचिनीचं पान, लिंबू, भिरंड (म्हणजे आपलं कोकम) असलं काय काय घालून बिनदुधाचा चहा करतात, हे कळल्यावर मी एकटाच निघालो. थंडीचे दिवस होते. शैलाने पिशवीत शाल घातली आणि लोकांच्या घरी जाऊन गुण सांगत बसू नका असंही बजावलं. शाल तेवढी वापरली.

मिरजेहून धरलेली गाडी कॅसलरॉकला पोचली तेव्हा धुकं अजून रुळांवरून उठलं नव्हतं. घाट उतरायच्या आधी गाडी इथे दम खाते. माझ्याबरोबर उतरलेली माणसं बोचकी डोक्यावर घेऊन झाडीत कुठल्या कुठे नाहीशी झाली आणि फलाटावर मी आणि एक कुत्रं उरलो. स्टेशनाबाहेर एका बाईंनी लिंबू पिळलेला, वर मिरी कुटून टाकलेला कोरा चहा दिला. मिरी आधी नाकात गेली. मी कपातच शिंकलो आणि बराचसा चहा अंगावर घेतला. उरलेल्याला साडेसहा गुण दिले. बाईंनी विचारलं, कशातनं? दहातनं, मी म्हटलं.

"मग साडेतीन शर्टावर ग्येलं म्हनायचं," त्या म्हणाल्या.

तिथून एका टेंपोने रामनगरला आलो. इथल्या बाजारात खानापूर-बेळगावकडची माणसं बरीच, त्यामुळे कानावर मराठी पडते. मधेच एखादं वाक्य कानडीत वळतं आणि परत मराठीत येतं, बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. एका हॉटेलात दालचिनीच्या पानांचा चहा प्यालो, तो चांगला होता. मग भिरंडाचा मागवला आणि सवयीने त्यात दूध ओतून घेतलं. ते डोळ्यांदेखत फुटलं. मालकाने एक चमचा आणून ठेवला आणि आता प्यायचं राहिलं, खाऊन घ्या म्हणाला.

कुंभारवाड्याची बस दुपारी मिळाली. जोयडा मागे पडल्यावर दोन्ही बाजूंनी रान रस्त्याच्या जवळ जवळ येत गेलं. कापणी झालेल्या भातखाचरांचे पिवळे तुकडे मधेच उघडे पडायचे, बस वळली की पुन्हा झाडी. कुंभारवाडा म्हणजे रानात चार घरं इथे, सहा तिथे अशी विखुरलेली वस्ती. तिथले गणपत नावाचे एक गृहस्थ पाहुणे ठेवतात आणि वेगवेगळे चहा पाजतात, असं कळल्यावरून मी फोनवर मुक्काम ठरवला होता. उतरून फोन काढला तर रेंज नव्हती.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ फडक्यात गुंडाळलेली किटली घेऊन पायवाटेने जाताना दिसले. मी हाक मारून म्हटलं, गणपतरावांकडे जायचंय, चहासाठी आलोय. ते थांबले. कुठून आलात म्हणाले. सांगलीहून, खास चहासाठी, मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि बाहीने डोळे पुसले. मला वाटलं, किटलीची वाफ गेली असेल.

"चला," ते म्हणाले. "मीबी तितंच निगालोय."

त्यांचं नाव नारबा. वाटेत त्यांनी एवढंच विचारलं की याआधी कधी आला होता. मी म्हटलं, नाही, पण ख्याती ऐकून आहे. यावर त्यांनी पुन्हा डोळे पुसले.

घराच्या अंगणात बरीच माणसं बसली होती. मला बघून कुणी 'या' म्हटलं नाही. रानातली माणसं अबोल असतात असं मी कुठेतरी वाचलं होतं, ते पटलं. आत बायका भिंतीला टेकून बसलेल्या, कोपऱ्यात भर दिवसा एक पणती जळत होती. चुलीचा धूर कुठे दिसत नव्हता. चहा शेजारपाजारच्या घरांतून येत होता, कुणाची किटली, कुणाचा तांब्या, कुणाचं झाकण घातलेलं पातेलं. प्रत्येक घरचा चहा वेगळा. मला वाटलं, गणपतरावांनी माझ्यासाठी सगळी वाडी कामाला लावलीय. एवढं कशाला केलंत, असं मी संकोचून म्हणालोसुद्धा.

गणपतराव खांबाला टेकून बसले होते. अंगावर घोंगडी, दाढी वाढलेली. आलेल्या प्रत्येक घरचा कप आधी त्यांच्यापुढे ठेवला जायचा आणि ते तो हाताच्या पालथ्या बाजूने सारायचे. समोर थंड कपांची रांग लागली होती. रोज पाहुण्यांबरोबर पिऊन पिऊन कंटाळला असेल बिचारा, असं मी समजलो आणि शाल सारखी करून कामाला लागलो.

नारबांच्या किटलीत गवती चहा आणि आलं होतं. त्याला सात दिले. एका घरचा कषाय, म्हणजे धणे-जिऱ्याचा गूळ घातलेला काढा, तो फार पातळ होता. त्याला चार. जायफळाच्या वरच्या सालीचा एक आला, तो आंबटसर आणि तोंड आवळणारा, पण वास असा की मी वाटी नाकापासून दूर करेना. त्याला साडेसात. हे सगळं मी मोठ्याने, कारणांसकट सांगत होतो. माणसं खाली मान घालून ऐकत होती. एकाने हळूच विचारलं, तुम्ही डॉक्टर का? मी हसून नाही म्हटलं. त्या अंगणात हसणारा मी एकटाच होतो, हेही तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मग कुंपणाच्या वईपलीकडून, शेजारच्या परड्यातून, एक पस्तिशीची बाई पितळी पेला घेऊन आली. ही गणपतरावांची मुलगी शेवंता. डोळे सुजलेले, नाक लाल. एवढ्या धुक्यात सर्दी होणारच, मी मनात म्हटलं. ती वडिलांपुढे बसली आणि पेला त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"अप्पा, ह्यो तरी घ्या."

त्यांनी तोंड फिरवलं. मग उठून तिने तो पेला माझ्या हातात दिला. तुम्ही लांबून आलात, तुम्ही घ्या म्हणाली.

चहा गडद लाल होता. पहिल्या घोटानंतर गुण सांगायचे मी विसरलो. पेला संपल्यावर आठवण झाली आणि साडेनऊ म्हणालो. मिरी जरा जास्त, म्हणून अर्धा कापला. आणि मग विचारलं, "अजून एक मिळेल?"

शेवंताने वडिलांकडे पाहिलं, घराकडे पाहिलं. आत गेली. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि मग चमचा तळाला खरवडल्याचा, बराच वेळ. ती पुन्हा वई ओलांडून शेजारच्या चुलीकडे गेली आणि थोड्या वेळाने दुसरा पेला घेऊन आली. मी तोही तळापर्यंत प्यालो. तोंड पुसलं आणि चौकशी केली, यजमानीणबाई कुठे आहेत, त्यांना भेटून याची कृती विचारायची होती.

"ती परवा ग्येली न्हवं," नारबा म्हणाले.

"मग परत कधी येणार?"

आत बायकांमधून कुणीतरी एकदम हुंदका दिला. तेव्हा मला कोपऱ्यातली पणती दिसली. म्हणजे दिसत मघापासूनच होती.

बाकीचं नारबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्या घरची चूल बंद होती, म्हणून शेजारची घरं चहा आणत होती. बाई गेल्यापासून गणपतरावांनी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. रात्री उलटी झाली, पोटात काही नसताना. असंच चाललं तर हाही हातचा जाईल, या धाकाने जो तो आपल्या घरचा चहा घेऊन येऊन बघत होता. बाईंची रीत अशी होती की बसची वाट बघत रस्त्याला उभ्या असलेल्या कुणालाही बोलावून त्या चहा पाजायच्या. सांगलीचा एक माणूस खास चहासाठी आलाय म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, तिने कधीतरी चहा पाजलेल्या कुणीतरी मला धाडलं असेल. मला हवे होते ते पाहुणे ठेवणारे गणपत ओढ्याच्या पलीकडे राहत होते.

शेवंता जवळच उभी होती. रागावलेली नव्हती, तेच अवघड होतं.

"आईनं कुटून ठिवलेली पूड व्हती," ती म्हणाली. "दोनच पेल्यांची ऱ्हायली व्हती. एक अप्पांनी घेतला न्हाई. दुसऱ्याची उद्यासाठी ठिवली व्हती."

मी म्हटलं, मला सांगायचं होतंत.

"आईच्या दारात कुनी मागितल्यावर न्हाई कसं म्हनायचं?"

मी पळ काढायला पिशवी उचलली. तेवढ्यात खांबाकडून आवाज आला. कोरडा, खरखरीत. सगळं अंगण तिकडे वळलं, कारण तो आवाज त्या घरात कुणी दोन दिवसांत ऐकला नव्हता.

"पावनं. हिकडं या."

मी त्यांच्यापुढे जाऊन बसलो, हात जोडले, चूक झाली असं काहीतरी पुटपुटलो.

"ते ऱ्हाऊ द्या. कसा लागला ते सांगा," गणपतराव म्हणाले. "आता त्यो तुमच्याच तोंडात हाय."

आयुष्यभर मी न विचारता चवी सांगत आलो होतो, कुणी खरंच विचारलेलं हे पहिल्यांदाच. ते वाट बघत होते. मी डोळे मिटले नाहीत. जमेल तसं सांगत गेलो. म्हटलं, आधी काहीच लागत नाही, नुसता गरमपणा. मग गूळ येतो, पण थोडाच. तो संपतोय असं वाटतं तोवर जिभेच्या दोन्ही कडांना भिरंडाचं आंबट लागतं. मग वाटतं संपलं. आणि गिळून झाल्यावर मागून मिरी येते. घशात नाही थांबत, वर चढते. कान गरम होतात.

"कान," ते म्हणाले. त्यांनी आपल्या एका कानाला हात लावला. "व्हय. कान."

मी मान हलवली.

"मिरी ज्यादा हाय म्हनालासा मगाशी."

"मी मूर्खासारखं बोललो."

"न्हाई. ज्यादाच घालायची. मीबी रोज म्हनायचो तिला." त्यांनी पुन्हा कान चाचपला. "ऐकायची न्हाई."

मग त्यांनी समोरच्या रांगेतला हाताला लागला तो कप उचलला. नारबांचा होता, केव्हाचा गार झालेला. त्यांनी एक घोट घेतला, तो गिळायला वेळ लागला, आणि मग ते रडत रडत बाकीचा प्याले. शेवंता तिथेच मातीत खाली बसली आणि तिने पदर तोंडात धरला.

निघताना मी सवयीने 'येतो' म्हणालो. सुतकाच्या घरून निघताना हे म्हणत नाहीत, हे सांगलीतही लहान मुलाला माहीत असतं. अंगणातल्या सगळ्या माना पुन्हा खाली गेल्या. नारबांनी दंडाला धरून मला बाहेर आणलं आणि ओढा ओलांडून खऱ्या गणपतांच्या स्वाधीन केलं. ते चांगले गृहस्थ होते. मी ज्या पातळ कषायाला चार गुण दिले, तो त्यांच्याच घरून गेला होता. पाहुण्याला न्यायला आलो नाही म्हणून त्यांनी माझीच माफी मागितली, आणि चहाचं काही विचारलं नाही.

पुढे अणशीला जायचा बेत होता. नाही गेलो. सकाळच्या बसने रामनगर, मग लोंढ्याहून गाडी. खिडकीशी बसून मी ती चव पुन्हा पुन्हा आठवून बघत होतो. मला ती सांभाळायला दिली आहे आणि कुठे सांडता कामा नये, असं काहीसं वाटत होतं. लोंढ्याला गूळ आणि आंबट दोन्ही नीट होते. बेळगावला चहा येऊनही घेतला नाही. घटप्रभेच्या आसपास मिरी गेली. मिरजेला उतरलो तेव्हा माझ्याजवळ नुसते शब्द उरले होते, जे त्या अंगणात बोललो तेच, आणि त्यांना कसलीही चव नव्हती. त्या बाईंनी हयातभर जे हातांनी केलं, त्याचा शेवटचा पेला गावात सगळ्यांत बेपर्वा होतं त्या तोंडात पडला होता, आणि त्या तोंडाने तो संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंतसुद्धा धरून ठेवला नाही.

घरी आल्यावर शैलाला सगळं सांगितलं. शिंक, फुटलेलं दूध, गुण, परत कधी येणार, सगळं. मला वाटलं होतं ती मधे मधे हसेल, निदान बजावलं होतं म्हणेल. ती ऐकत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "नाव काय?"

"गणपत," मी म्हटलं.

"त्या बाईंचं."

मी आठवू लागलो. आई. ती. तिला. त्या अंगणात दुसरं काही कुणी म्हटल्याचं मला आठवेना, आणि मी तर कृती विचारली होती.

शैला उठली आणि स्वयंपाकघराकडे वळली.

"दोन पेले प्यालात तिचे," ती म्हणाली, "आणि नाव विचारलं नाहीत."