दोन शब्दांचा नकार

रेनो लाहतिनेनला मूलबाळ नव्हतं, म्हणून त्याचा प्रोग्रॅम त्याच्या वळणावर गेला होता. कॅनडातल्या थंडर बेमधल्या एका छोट्या कंपनीत तो कामाला होता. डायलिसिसच्या पेशंटांना दवाखान्यात नेण्या-आणण्याच्या गाड्या ही कंपनी ठरवून देई. दवाखान्यांचे संगणक ज्या दारातून बुकिंग आत पाठवत, ते दार, म्हणजे एपीआय, रेनोनं बांधलेलं. बुकिंगमध्ये काहीही चुकलं की ते दार एवढंच म्हणे: ‘विनंती अवैध.’ काय चुकलं, कुठे चुकलं, चकार शब्द नाही. रेनोची बायकोही घरात हीच तक्रार करायची.

त्या दाराबद्दलच्या शिव्या मात्र फोनवर बसणाऱ्या मार्लीन बोकाजला खाव्या लागत.

“अरे लाकडा,” ती एकदा त्याच्या टेबलावर येऊन उभी राहिली, “केनोराच्या दवाखान्यातली ती बाई अख्खी दुपार एकेक रकाना बदलत बसली होती. चूक काय निघाली? पोस्टल कोडमधली मोकळी जागा!”

“मग सापडली ना?”

“सापडली. माझा जीव गेल्यावर!”

रेनोनं मनावर घेतलं आणि कामाला लागला. त्याचं नवं उत्तर कसं, तर पहिल्या चुकीपाशी न थांबता सगळ्या चुका एकदम सांगणारं. कुठला रकाना, त्यात काय बिघडलं, काय हवं होतं, वर नमुना. इतका बोलका तो स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. सोमवारी ते चालू झालं आणि फोन गप्प झाले. मार्लीननं गुलाबी लेपाच्या, तिथे ‘पर्शियन’ म्हणतात त्या गोड पावांचा खोका आणला. चार पाव खाऊन रेनो चक्क हसला.

गुरुवारी ती आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

“रेनो, त्या डायलिसिसच्या पेशंट कोझाकबाई सकाळपासून कोट-बूट घालून दारात बसून होत्या. गाडी आलीच नाही. शेवटी अँब्युलन्सनं नेलं. डायलिसिस चुकल्यानं छातीत पाणी भरलंय म्हणे.”

रेनोनं नोंदी उघडल्या. बुकिंग आलं होतं. वेळ चुकीच्या पद्धतीनं लिहिली होती, म्हणून दारानं ते परत पाठवलं होतं, अगदी सविस्तर, नमुन्यासकट. मग त्यांच्या दवाखान्यात ते कुणीच कसं वाचलं नाही?

कारण तिथे वाचणारं माणूस नव्हतंच. त्यांच्या जुन्या प्रोग्रॅमला कुणीतरी कधीकाळी एवढंच शिकवलं होतं: उत्तरात ‘विनंती अवैध’ दिसलं की नर्सपुढे लाल दिवा लाव, नाही दिसलं तर गाडी ठरली समज. बुकिंग नाकारल्याचा सांकेतिक आकडा अशा प्रत्येक उत्तराबरोबर जायचा, त्याच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आणि ते दोन शब्द रेनोनं हौसेनं पुसून टाकले होते.

“पण मी तर सगळं स्पष्ट...” रेनो म्हणाला.

“ते मला कळतं रे. आणखी कोण कोण आहे त्यात?”

जुने शब्द त्यानं घाईघाईनं उत्तराच्या डोक्यावर परत बसवले, चुकांची यादी खाली राहू दिली. मग तो सोमवारपासूनच्या नोंदी चाळू लागला. त्याच दवाखान्याची आणखी नावं निघाली. काही जणांना घरच्यांनी पोचवलं असेल. दोघांची डायलिसिसची पाळी उद्याची होती.

“तू फोन कर ना,” तो म्हणाला.

“मी काय सांगणार? तूच कर.”

त्यानं दवाखान्याला फोन लावला, पलीकडे नर्स होती. रेनोनं आधी उद्याची दोन नावं सांगितली, मग उरलेली सगळी, आणि चूक आपली आहे हेही सांगितलं. ती लिहून घेत होती.

“कोझाकबाई कशा आहेत?”

“डायलिसिसच्या मशीनवर आहेत. धाप अजून कमी नाही.”

“बऱ्या होतील ना?”

“आत्ता काही सांगता येत नाही हो. ठेवू मी?”

“ठेवा,” रेनो म्हणाला. फोन बंद झाला तरी रिसीव्हर त्याच्या कानालाच होता.