राजाची अंगठी माझ्या मुठीत

"हिला रंगवायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "ही आहे तशीच चालेल."

रंगाचा डबा माझ्यापुढून उचलून त्यांनी शेजारच्या मुलीपुढं ठेवला. ती नाटकात हरणी होती. तिच्या गालांवर पांढरे ठिपके काढले. मुली फिदीफिदी हसल्या. मी नऊ वर्षांची होते, चौथीत. कशाला हसतात ते कळायला तेवढं वय पुष्कळ होतं.

शाळा रामदासपेठेतली, मोठ्या लोकांची. गिरणीची पाळी उतरून बाबा तीन महिने मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहिले, तेव्हा मला तिथं घेतलं होतं. आमच्या वस्तीतली मी एकटीच.

बाई मारकुट्या नव्हत्या, हे आधीच सांगते. जुनी संस्कृत नाटकं लहान मुलांना खेळातून कळली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. पुस्तक नाही, पाठांतर नाही. कधी आम्ही झाडं व्हायचो, कधी नदी. नदी व्हायला मला फार आवडायचं. सगळ्यांनी हातात हात घालून वर्गभर वाहायचं. पण माझा हात धरायला कोणी तयार होईना. बाईंनी ते पाहिलं. मला वाटलं, आता त्या रागावतील. त्यांनी पर्समधून रुमाल काढला. एक टोक तू धर म्हणाल्या, दुसरं शेजारच्या मुलीला धरू दे. त्यांचा प्रश्न मिटला. मी वर्षभर रुमालाचं टोक धरून वाहत राहिले.

स्नेहसंमेलनाला नाटक ठरलं. राजा आपल्या बायकोला विसरतो. तिला दिलेली अंगठी नदीत पडते. ती एका कोळ्याला माशाच्या पोटात सापडते, आणि अंगठी पाहून राजाला सगळं आठवतं. राजा झाला संस्थाचालकांचा मुलगा. कोळी कोण, असं कोणीतरी विचारलं. बाईंनी वहीतून मान वर न करता माझ्याकडं बोट केलं.

खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. अंगठी सापडते ती कोळ्यालाच. म्हणजे त्याच्यावाचून सगळं नाटक अडतं, एवढं मला कळत होतं.

तालमीत, अंगठी चोरली असं समजून, दोन शिपाई मला पकडून आणायचे. बाईंनी त्यांना सांगितलं, ओळी पाठ करू नका, अशा वेळी शिपाई काय बोलेल ते तुमच्या मनानं बोला. त्यातला एक डॉक्टरांचा मुलगा. त्यानं माझी मानगूट धरली.

"तुमची वस्तीच चोरांची. फुकट शिकता, वर आमच्याच घरात हात मारता."

यात कोळी कुठं होता? मासा कुठं होता? ते त्याच्या घरी जेवताना चालणारं बोलणं होतं, जसंच्या तसं. वर्ग हसला. बाईही हसल्या.

"किती नैसर्गिक बोललास! असंच ठेव."

मी विचारलं, मी काय बोलू? तू काही बोलायचं नाहीस, बाई म्हणाल्या. गुडघे टेकायचे, हात जोडायचे, अंगठी द्यायची, संपलं. मनातलं बोलायची मुभा सगळ्यांना होती. झाडांना होती, हरणीला होती. फक्त मला नव्हती.

घरी मी हात जोडायचा सराव करत होते. बाबा जेवत होते. मी पोटात असताना त्यांनी धम्माची दीक्षा घेतली होती, आणि माणसापुढं वाकणं त्या दिवसापासून सोडलं होतं. माझ्यासाठी शाळेच्या दारात उभे राहिले, पण ताठ उभे राहिले.

"कोनापुढं हात जोडून राहिली वं?"

मी सांगितलं, नाटकात मी कोळी आहे, शिपायापुढं जोडते. कोळ्यानं चोरी केली का, बाबांनी विचारलं. नाही, त्याला अंगठी सापडली.

"मंग?"

एवढंच म्हणाले आणि जेवू लागले. ते 'मंग' माझ्या डोक्यातून काही जाईना.

संमेलनाच्या दिवशी खुर्च्यांवर पालक बसलेले. मागं भिंतीला टेकून माझी माय उभी. शिपायानं मला ढकलत आणलं. वस्ती, चोर, फुकट, सगळं मोठ्यांदा म्हणून झालं. खुर्च्या हसल्या. अंगठी म्हणजे पडद्याची पितळी कडी होती. ती मी मुठीत आवळली. गुडघे टेकले नाहीत.

"मले सापडली. म्या चोरली नाही. आधी तसं म्हन, मंग देतो."

हसणं थांबलं. शिपाई बाईंकडं बघू लागला. राजा पुठ्ठ्याचा मुकुट सावरत स्टुलावर बसून राहिला. अंगठी मिळेपर्यंत त्याला काही आठवायचं नव्हतं. विंगेतून बाई दातओठ खात होत्या. मी त्यांच्याकडं सरळ पाहिलं. भीती गेली होती.

पडदा पाडला. बाईंनी माझा हात धरला आणि एकेक बोट उघडायला लागल्या. त्या शाळेत माझा हात रुमालाशिवाय कोणी धरला, तो तेवढाच. नखं लागली, रक्त आलं. मूठ उघडली नाही. मला बाजूला सारून पडदा पुन्हा वर गेला, आणि राजाला अंगठीशिवायच सगळं आठवलं. मोठ्या लोकांचं हे बरं असतं. हवं तेव्हा विसरतात, हवं तेव्हा त्यांना आठवतं.

दुसऱ्या दिवशी मायला बोलावलं. बस म्हणालं नाही कोणी. पोरीनं सगळ्या शाळेसमोर माफी मागावी, नाहीतर नाव काढतो, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. मायनं पदराची गाठ सोडून कडी टेबलावर ठेवली.

"हे तुमची कडी, सर. पाहून घ्या, उद्या चोर म्हनान. माफी ते मांगनार नाही. नाव काढून टाका."

बाबांचे तीन महिने तिथंच बुडाले. रस्ताभर माय रडत होती. मला रडू आलं नाही. चोर म्हणणारे ते, आणि माफी आम्ही मागायची, याचा मला संताप आला होता. तो आजही तसाच आहे.

आता मी आमच्या वस्तीतल्या शाळेत चौथीला शिकवते. तेच नाटक घेते, तसंच खेळत. पद्धत बाईंची आहे, ते मी नाकारत नाही. पण नाटक त्यांच्या एकट्यांचं नाही. ते माझंही आहे, माझ्या पोरांचंही. आमच्या नदीत रुमाल नसतो.

परवा इथल्या मुख्याध्यापकांनी बोलावलं. म्हणाले, पाहुणे मोठे आहेत, कोळ्याचा प्रवेश गाळा, उगाच कटकट नको. मी नाही म्हटलं. मेमो देईन म्हणाले. द्या म्हटलं.

कोळी होणार. तो हात जोडणार नाही. त्यानं चोरली नाही, असं शिपायानं आधी सगळ्यांसमोर म्हणायचं. मूठ कधी उघडायची ते कोळी ठरवेल. तोवर राजा स्टुलावर बसून राहील.

बसू द्या.